वीतभर अलीकडे

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी घरात शिरल्या शिरल्या विश्वजितला दिसली ती पंख्याच्या पात्यांवरची धूळ. धूळ काही आज बसली नव्हती, महिनोन्‌महिने बसून होती. पण ती आपल्याला दिसत नव्हती हे त्याला आत्ता कळलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मग भिंतीचा सुटलेला पोपडा दिसला, मग मनस्विनीच्या कानामागची पांढरी बट. दवाखान्यातून पडेगावपर्यंत लावून आलेला काळा चष्मा त्यानं डॉक्टरीणबाईंचं बजावणं धाब्यावर बसवून काढला आणि नवं खेळणं हाती लागलेल्या पोरासारखा तो घरभर हिंडू लागला. "मनू, हे पडदे निळे आहेत?" "लावले तेव्हापासून निळेच आहेत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि तो चष्मा घाला आधी. उद्या काही झालं की माझ्या नावानं शंख कराल." बरं बरं म्हणत तो पॅसेजमध्ये वळला. तिथं भिंतीला टेकवून प्रदर्शनाचे फोटो ठेवलेले होते, मोठे, काचेच्या फ्रेममध्ये घातलेले. रविवारी उद्‌घाटन. सगळे फोटो माईचे, म्हणजे त्याच्या आईचे. चार महिन्यांपूर्वी गेली ती. नव्या डोळ्यानं आईला बघू म्हणून विश्वजित पुढच्याच फ्रेमसमोर उकिडवा बसला, आणि बघतो तर आईला चेहराच नीट नव्हता. नाक होतं, कुंकू पुसलेलं रुंद कपाळ होतं, डोळ्यांच्या जागी डोळे होते, पण सगळ्याची कड विरघळलेली. आंघोळीच्या पाण्याच्या वाफेतून बघावं तसं.

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली. डोळ्यात टाकलेल्या थेंबांमुळं असेल, म्हणून जरा थांबला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं उजवा डोळा तळहातानं झाकला आणि डाव्यानं बघितलं. डावा अजून जुनाच होता, त्यातला मोतीबिंदू पंधरवड्यानं काढायचा होता. डाव्या डोळ्याला माई छान दिसली. जशी होती तशी, जशी त्यानं काढली होती तशी. हात बदलला, डावा झाकला, आणि माई पुन्हा विरघळली. उजवा, डावा, उजवा. मग मान वळवून मागच्या खोलीतल्या पंख्याकडं बघितलं; उजव्या डोळ्याला त्याची पातीन्‌पाती कापून काढल्यासारखी दिसत होती, आणि डाव्याला पंखाही तेवढाच मऊ होता जेवढी माई. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. डाव्या डोळ्याला फोटो बरोबर दिसत होता, कारण डाव्या डोळ्याला सगळं जगच हललेल्या फोटोसारखं होतं. त्यानं ती फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली, मग दुसरी, मग तिसरी, आणि उरलेल्या न बघताच फिरवल्या.

आता हा विश्वजित म्हणजे कोण, तर फोकस या एका शब्दावर ज्यानं आयुष्य काढलं तो माणूस. छावणीत स्टुडिओ. खाली पासपोर्टचे फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरी, ते पोटापाण्याचं, मदतनीस बघायचे; वर माळ्यावर दर रविवारी त्याचा वर्ग. तिथं तो शिकवायचा कमी आणि झोडपायचा जास्त. पापणीचा केस मोजता आला पाहिजे, बाकी काही का असेना, हे त्याचं पहिलं वाक्य. कुणी बिचकत म्हणालं की सर, मला जरा भाव पकडायचा होता, की हा म्हणणार, "भाव मंडईत असतो. हात हलला की कला होत नाही, हात हललेला फोटो होतो." एका पोरीनं बिबी का मकबऱ्याच्या मागं पतंग उडवणाऱ्या मुलांचा फोटो आणला होता. मुलं सगळी पुसट, धावणारी, नुसते रंगांचे ओघळ. वर्गातल्या इतरांना तो आवडला होता. ह्यानं त्याचे सगळ्यांसमोर दोन तुकडे केले आणि तिच्या हातात परत दिले. ती पोरगी पुन्हा आली नाही. तेव्हा ह्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिचं नाव काय होतं ते तो आता आठवायला लागला आणि ते काही केल्या आठवेना.

माईच्या फोटोंसाठी त्यानं मुद्दाम जुना रोलचा कॅमेरा काढला होता. नव्या कॅमेऱ्याला माणसाचे डोळे आपोआप सापडतात, चौकोन येतो, बटण दाबलं की काम झालं. लग्नात तेच चालायचं. पण माईला यंत्राच्या डोळ्यानं बघायचं नाही, आपल्याच डोळ्यानं बघायचं, भिंग आपल्याच बोटांनी फिरवायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. हौस म्हणा, मिजास म्हणा. खिडकीतला उजेड कमी, म्हणून भिंग सताड उघडं ठेवायचं. तसं केलं की फक्त एक पातळ पापुद्रा धारदार येतो, त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं विरतं. तो पापुद्रा नेमका माईच्या बुबुळांवर बसवायचा ही त्याची जिद्द. वर्षभर त्यानं तो बसवला, आणि दर वेळी त्याला खात्री होती की बसला. कॅमेऱ्याला लावायचा डोळा उजवा, आणि मोतीबिंदू जास्त पिकला होता तोही उजवाच. दुधाला साय धरते तसा तो धरत गेला, रोज बघणाऱ्याला कळणार कसं? प्रिंट पुण्याहून आल्या त्याही ह्यानं त्याच डोळ्याला भिंग लावून तपासल्या आणि पसंत केल्या. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं, आणि तेलच आड आलं.

फोटो काढायच्या त्या सगळ्या सकाळी त्याला एकेक करून आठवायला लागल्या. पूर्वेच्या खिडकीशी वेताची खुर्ची, खुर्चीत माई, पुढं काठी, काठीच्या मुठीवर किंवा मांडीवर दोन्ही हात. न्हाऊन, केस विंचरून, धुतलेलं नऊवारी नेसून ती आधीच येऊन बसलेली असायची. तिला सांभाळायला पिशोरच्या वच्छलाबाई होत्या, माईच्या माहेरगावच्या. त्या दारात उभ्या राहून तोंड चालवायच्या. "साहेब, सोडा की आता माईला. च्या गार व्हायलाय." हा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचा, "पाच मिनिटं." "तुमचं पाच मिनिट लई लांबचं असतंय." मग माईच त्यांना गप्प करायची, "घेऊ दे गं त्याला." आणि हा सांगायचा, "माई, चेहरा हलू देऊ नकोस. हातांचं काही नाही, हात कसेही ठेव, चेहरा तेवढा हलू देऊ नकोस." ती मान डोलवायची आणि मग चेहरा असा ठेवायची की बास. शांत, किंचित हसरा, देवासमोर बसल्यासारखा. मधूनच ओठ फार न हलवता विचारायची, "झालं का रे?" आणि हा म्हणायचा, "अजून एक." एवढंच त्यांचं बोलणं. त्या वर्षभरात मायलेकरं एकमेकांसमोर जेवढी बसली तेवढी आधीच्या तीस वर्षांत बसली नव्हती, असं तो लोकांना अभिमानानं सांगायचा. शेवटच्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली तेव्हा तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले की आजार हाडांत उतरलाय, बरेच दिवस झाले असावेत, ह्यांना दुखत असणार. "तसं काही नव्हतं, हो," विश्वजितनंच सांगितलं होतं, "माझ्यासमोर तासतासभर बसायची." आणि माई पलंगावरून म्हणाली होती, "म्हातारपणी दुखायचंच की, त्यात काय."

"तुला माहीत होतं?" त्यानं दुपारी जेवताना मनस्विनीला विचारलं. कशाबद्दल ते तिनं विचारलं नाही. पॅसेजमधल्या उलट्या फ्रेमा तिनं बघितल्या होत्या. तिनं भात कालवला, मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंय." "मी? मुद्दाम?" "नवं काहीतरी. वय झालं की माणूस मऊ होतो, तसं. मला आवडलेही होते ते. खरंच." "मग एका शब्दानं विचारायचं तरी." "तुम्हाला?" म्हणत तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. राजेंद्र, ज्याच्या कलादालनात प्रदर्शन होतं, त्यानंही प्रिंट बघून म्हटलं होतं की सर, काय धूसर पकडलंय तुम्ही, आई अशीच आठवते माणसाला. ह्याला तेव्हा वाटलं, भावनेबद्दल बोलतोय. दाराशी लावायच्या पाटीवर राजेंद्रनं 'धूसर' हेच नाव घातलं होतं आणि ह्यानंही होकार दिला होता. "सांगून टाकतो त्याला. रद्द करतो," विश्वजित म्हणाला. मनस्विनीनं त्याच्या पानात आमटी वाढली. "कशाला? लोकांना आवडतायत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचा डोळा खराब होता हे चार जणांना सांगून माई परत फोकसमध्ये येणारेत का?" शेवटचं वाक्य बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिनं लगेच उठून ताकाचं भांडं आणलं. ताक नको होतं, पण तो प्यायला.

तिथून पुढचे दोन दिवस त्याच्या जिवाला थारा नव्हता. घरात बसवेना म्हणून काळा चष्मा लावून तो छावणीत स्टुडिओवर जायचा, तिथं बसवेना म्हणून बाजारात हिंडायचा, आणि चालता चालता चष्मा कपाळावर जायचा आणि हात डोळ्यावर. उजवा झाकायचा, डावा झाकायचा. उजव्यानं बघितलं तर पेरूवाल्याच्या गाड्यावरच्या प्रत्येक पेरूचा ठिपका वेगळा, पांढऱ्या भिंती निळसर, माणसांच्या चेहऱ्यांवर नको इतकं सगळं लिहिलेलं. डाव्यानं बघितलं की तेच जग पिवळट, खरवसासारखं, सगळं सगळ्यात मिसळलेलं. नक्की खरं कुठलं? पंचावन्न वर्षांच्या माणसानं भर रस्त्यात एकेक डोळा मिटत चालावं हे बरं दिसत नाही. एका बाईनं तर असा कटाक्ष टाकला की तो गल्ली बदलून गेला. पण सवय सुटेना. कारण त्याला एक गोष्ट कळून चुकली होती आणि ती मनस्विनीलाही सांगण्यासारखी नव्हती. माईचा चेहरा आता जगात एकाच ठिकाणी धड उरला होता, त्याच्या डाव्या डोळ्यात. घरी लग्नामुंजीचे गठ्ठ्यानं फोटो होते, त्यात माई होतीच. पण ती पाहुण्यांच्या रांगेतली माई होती, फोटो काढतायत म्हणून ताठरलेली. म्हातारपणची, सुरकुतीन्‌सुरकुती आपली वाटणारी माई त्यानं ह्या वर्षात धरली होती, आणि ती धरलीच नव्हती. पंधरवड्यानं डॉक्टरीणबाई डाव्या डोळ्यातलंही ते जुनं भिंग फोडून बाहेर काढणार. मग ते फोटो बरोबर दिसतील असा डोळाच राहणार नाही. आपण आईला दुसऱ्यांदा पोचवायला निघालोय, असं त्याच्या मनात आलं. त्यानं दवाखान्यात फोन करून सांगितलं की डाव्या डोळ्याची तारीख पुढं ढकला. कधीपर्यंत, असं पलीकडून विचारलं, तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला.

उजव्या डोळ्याच्या वेळीही तो घाबरलेलाच होता. दुखणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं तरी हिरव्या कापडाखाली पडल्यावर त्याच्या दोन्ही हातांचे अंगठे आपोआप मुठीत गेले होते. ती माईची शिकवण. लहानपणी त्याचा कान फुटला होता, तेव्हा छावणीतल्या डॉक्टरकडं रोज सुई असायची. माई त्याचा हात हातात घ्यायची, त्याचा अंगठा आत दुमडायची आणि त्यावरून एकेक बोट मिटवायची. "दुखायला लागलं की अंगठा मुठीत घट्ट धरायचा. सगळं दुखणं तिथं जातं, मग तोंडावर येत नाही. लोकांना कळत नाही." सुई टोचली तरी तो रडायचा नाही. डॉक्टर म्हणायचे, शहाणा आहे, आणि माई त्याच्या मुठीवरचा हात काढायची नाही. ऑपरेशनच्या टेबलावर हे सगळं आठवून त्याला बरं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी तो कलादालनात गेला तो प्रदर्शन रद्द करायचं असं ठरवूनच. फोटो सकाळीच टेम्पोनं तिथं पोचले होते. राजेंद्र स्टुलावर चढून शेवटची फ्रेम सरळ करत होता. बाकी सगळ्या लागल्या होत्या, तारखेच्या क्रमानं, आणि विश्वजितच्या नियमानं: फोटोतल्या माणसाचे डोळे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यायला हवेत, ना वर ना खाली. "सर, आराम करायचा ना," राजेंद्र वरूनच म्हणाला. "बघा तरी, काय वातावरण झालंय हॉलमध्ये." "काढ ते," विश्वजित म्हणाला. "काय?" "फोटो. उतरव सगळे." राजेंद्र हसला, मग हसायचा थांबला. विश्वजितनं वाट बघितली नाही. दाराजवळची पहिली फ्रेम त्यानं स्वतःच दोन्ही हातांनी खालून धरली आणि उचलणार एवढ्यात, कुठं धरलंय ते बघायला, त्यानं मान खाली घातली.

त्याच्या बोटांच्या शेजारी माईची बोटं होती. काचेच्या आत, पण अशी की हात लावावा. फोटोच्या खालच्या भागात, काठीच्या मुठीवर ठेवलेले तिचे दोन्ही हात. प्रत्येक नखावरची उभी रेघ दिसत होती. अंगठीनं पडलेला खळगा, मनगटावरचा शिरांचा गुंता, पोळी भाजताना फार वर्षांपूर्वी पोळल्याचा चकचकीत डाग, बांगडीतला बारीक मळ, सगळं. पापणीचा केस मोजता यावा असं तो आयुष्यभर म्हणत आला, आणि इथं हातावरची लव मोजता येत होती. त्यानं चष्मा काढला. फोकस चुकला होता, पण हरवला नव्हता. दर वेळी तो माईच्या डोळ्यांच्या वीतभर अलीकडे पडला होता. आणि डोळे धारदार नाहीत म्हटल्यावर बाकीचा फोटो बघायचाच नाही ही त्याची जन्माची खोड. तो तोंडाकडं बघत राहिला होता, नवीन डोळ्यानंही आणि जुन्याही.

फ्रेम तशीच सोडून तो दुसरीकडं गेला. पहिल्या फोटोत हात सैल होते, पीठ मळून झाल्यावर विसावतात तसे, एक दुसऱ्यावर. दुसऱ्यातही तसेच. दिवाळीनंतरच्या फोटोत उजव्या हातानं डावा धरला होता. विश्वजित पुढं सरकला. संक्रांतीच्या सुमाराला काढलेल्या फोटोत हात मांडीवर होते, पदराचं टोक बोटांत पिळलेलं. आणि त्याच्या पुढच्या फोटोत दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. काठीवर नाही, मांडीवर नाही, नुसत्या पुढं धरलेल्या, दोन्ही अंगठे आत. बोटांची पेरं पांढरी पडलेली. तो पुढं गेला. अंगठे आत. त्याच्या पुढच्यात अंगठे आत आणि मनगटावरची शीर वर आलेली. हा फोटो कुठल्या सकाळी काढला हे त्याला आठवत होतं, उजेड सुरेख होता आणि त्यानं तिला तासाच्या वर बसवलं होतं, वच्छलाबाई दोनदा बोलून गेल्या होत्या आणि तो त्यांच्यावर वैतागला होता. चेहरा हलू देऊ नकोस, हातांचं काही नाही. तिनं चेहरा हलू दिला नव्हता. सहा महिने ती त्याच्यासमोर खुर्चीत बसली, वरती शांत हसरा चेहरा धरला आणि जेवढं म्हणून दुखत होतं तेवढं सगळं खाली मुठीत नेऊन ठेवलं. तो चार हात अंतरावर उभा होता, कॅमेऱ्याला डोळा लावून. त्याला लाज वाटली. लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं.

"सर?" राजेंद्र मागं येऊन उभा होता. "उतरवू का खरंच?" विश्वजितनं मान हलवली. "नको. वर घे. सगळे हातभर वर घे." "वर? डोळे पार डोक्यावर जातील लोकांच्या. तुमचाच नियम ना." "हात डोळ्यांसमोर आले पाहिजेत." राजेंद्रनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "आणि ती पाटी काढ," विश्वजित म्हणाला, "धूसर वगैरे काही नाही. माझा डोळा खराब होता, चेहऱ्याचा फोकस चुकलाय. कुणी विचारलं तर एवढंच सांग." "मग नाव काय घालायचं, सर?" "काही नको. तिचं नाव घाल. अनसूया." राजेंद्र हातोडी आणायला गेला.

विश्वजितनं घरी फोन लावला. "मनू, दवाखान्यात फोन करून डाव्या डोळ्याची आधीचीच तारीख घे. मी मूर्खपणा केला होता." त्याचा आवाज ऐकून मनस्विनी म्हणाली, "रडताय का तुम्ही? डोळा चोळू नका हं." "नाही चोळत," तो म्हणाला. आणि खरंच चोळत नव्हता. पाणी गालांवरून वाहत होतं तसं त्यानं वाहू दिलं.

हॉलच्या टोकाला शेवटचा फोटो होता. त्यानंतर माई खुर्चीत बसली नाही. राजेंद्रनं पहिला तोच वर चढवला, आणि ठोकाठोकी पुढच्या फ्रेमकडं गेल्यावर विश्वजित त्याच्यासमोर उभा राहिला. आता चेहरा वर गेला होता, उजेडात, कुणाचाही असावा असा, आणि विश्वजितच्या डोळ्यांच्या रेषेत दोन मुठी होत्या. ह्या फोटोच्या वेळीही तिनं विचारलं होतं, झालं का रे, नेहमीसारखंच, ओठ न हलवता. त्यानं नेहमीचंच उत्तर दिलं होतं. त्याचे स्वतःचे हात खिशात होते. बाहेर काढले तेव्हा कळलं की अंगठे आत आहेत.

"झालं गं, माई," तो म्हणाला. "झालं. सोड आता हात."